फेब्रुवारीचे तीनशे रुपये

(डोंबिवली येथे नोकरदार नागरिक आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले कार्यकर्ते यांच्या एकत्र सभेत झालेले हे भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून छापत आहोत.)

डोंबिवलीकर मित्रांनो, आणि यवतमाळ, अकोला, परभणी, जळगावकडून रात्रभर गाडीत बसून आलेल्या माझ्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

या सभागृहात आज दोन तऱ्हेची माणसे शेजारी शेजारी बसली आहेत. एकाच्या खिशात रेल्वेचा पास आहे, दुसऱ्याच्या खिशात सातबाऱ्याची घडी. दोघांचीही एकमेकांबद्दलची मते मला माहीत आहेत. शेतकऱ्याला वाटते, हा पंख्याखाली बसून महिन्याच्या एक तारखेला पगार घेतो. नोकरदाराला वाटते, याला कर्जमाफी, याला अनुदान, याला आयकर नाही, आणि कर मात्र मी भरतो. आजचे बोलणे या दोघांच्या मधल्या व्यवहाराबद्दल आहे. विषमता, सामाजिक न्याय हे शब्द सभेत फार जड होतात, म्हणून मी हिशेबाच्या वहीपासून सुरुवात करतो.

डोंबिवलीकरांनी आपली पगाराची चिठ्ठी आठवावी. तिच्यात कपातीच्या रकान्यात ‘पी.टी.’ असे लिहून दरमहा दोनशे रुपये वजा झालेले असतात. हा व्यवसाय कर. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाचे अडीच हजार. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे, तिथपर्यंत बेरीज नेऊन पोचवायची म्हणून. पण हा कर मुळात कशासाठी बसवला, हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करू नका, मी परीक्षा घ्यायला आलेलो नाही. पण शेतकरी भावांनाही हाच प्रश्न आहे, कारण हा कर तुमच्या नावाने बसवलेला आहे.

१९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. शहरात पगार घेणाऱ्याने थोडे थोडे द्यायचे, त्यातून कोरडवाहू मुलखात काम निघायचे. करातून जितके जमेल तितकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची. एकटा नोकरदारच नाही. मोटारींवरच्या करात, विक्रीकरात, ओलिताच्या जमिनीच्या आकारात योजनेसाठी भर घातली गेली. डोंबिवलीत कुणाचे दुकान, गाळा असेल तर त्याने महापालिकेच्या मालमत्ता कराचे बिल काढून पाहावे, त्यात रोजगार हमीचा उपकर स्वतंत्र ओळीत दिसेल. म्हणजे डोंबिवलीचा कारकून, डोंबिवलीचा किराणा दुकानदार आणि नगर-सोलापूरकडचा बागाईतदार अशा तिघांनी मिळून दुष्काळी मजुराच्या हाताला काम द्यायचे, असा हा करार आहे. कागदावर तरी इतका सरळ करार मी दुसरा पाहिलेला नाही.

हा करार आकाशातून पडला नाही. १९६५ च्या सुमारास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग केला. मागेल त्याला काम, एवढीच कल्पना. १९७२ मध्ये योजना राज्यभर आली आणि त्याच वर्षी दुष्काळाने महाराष्ट्राचे कंबरडे मोडले. ज्यांची वये साठीच्या पुढे आहेत त्यांना तो दुष्काळ सांगायला नको. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, पाझर तलावाच्या भिंतीवर डोक्यावर घमेले घेऊन चढणारी सबंध गावे. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्यात भूमिहीन होते, तसे दहा-दहा, पंधरा-पंधरा एकरांचे पाटीलही होते. तोंडावर पदर ओढून पाटलाची सून खडी फोडत होती. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर यांच्यात पावसाच्या एका नक्षत्राचे अंतर असते, हे त्या वर्षी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

दुष्काळ सरला. सरकारला वाटले असते तर कामेही सरली असती. दर दुष्काळानंतर तेच होत आले होते. या वेळी तसे झाले नाही, कारण माणसे एकदा कामावर एकत्र आली होती आणि मागायला शिकली होती. शहाद्याकडची आदिवासींची श्रमिक संघटना, लाल निशाण, किसान सभा, समाजवादी मंडळी, सगळ्यांनी आपापल्या मुलखात मोर्चे काढले. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणे हा त्या दिवसापासून खेड्यातल्या माणसाचा हक्क झाला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिले तर बेकारी भत्ता. देशात असा कायदा पहिला. दिल्लीला तो सुचायला २००५ साल उजाडले.

आता आपल्या लोकांशी थोडे कडू बोलतो.

आपल्या चळवळीत रोजगार हमीकडे नेहमी वाकड्या डोळ्याने पाहिले गेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आपण गळा फुटेस्तोवर दिली, आणि ती खरी आहे. म्हणणे असे की, आधी शेतमालाचे भाव पाडायचे, शेतकऱ्याला मजूर करायचे आणि मग त्या मजुराला खडी फोडायला लावून उपकार केल्याचा आव आणायचा. या म्हणण्यात तथ्य आहे. १९७२ हेच साल घ्या. एका बाजूला सरकार म्हणते, तुला काम देतो. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला कापसाची एकाधिकार खरेदी सुरू होते. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी केंद्राखेरीज कुठे विकायचा नाही, राज्याच्या सीमेबाहेर न्यायचा नाही. बैलगाडीत कापूस घालून सीमा ओलांडली तर पोलीस पकडणार, जसा काही गांजा नेतो आहे. केंद्रावर दोन-दोन दिवस गाड्या उभ्या, ग्रेडरच्या मर्जीवर प्रत, चुकारे महिनोन्‌महिने नाहीत, चढउतार निधीची कपात वेगळीच. काही वर्षे बोनस मिळाला, तेही सांगितले पाहिजे. पण आपला माल आपण विकण्याचा हक्क गेला तो गेलाच. २००० नंतर ती योजना मोडीत निघाली, तोवर एक पिढी त्यात निघून गेली होती. ज्वारीचे तसेच. सत्तरच्या दशकात ज्वारीला लेव्ही लागली, पोते घरात ठेवून शेतकरी चोर ठरला.

तेव्हा डोंबिवलीकरांनो, तुमच्या पगारातून कापलेला पैसा आमच्याकडे आला हे खरे. पण ज्वारी आणि कापूस स्वस्त ठेवून आमच्याकडून जे गेले, ते कुठल्याच चिठ्ठीत छापलेले नव्हते. आणि ते तुमच्या घरी आले असे तरी कुठे आहे? धान्य स्वस्त म्हणून तुमचा पगार कमी ठेवणे मालकाला परवडले. कापूस स्वस्त म्हणून गिरणी फायद्यात, असे म्हणावे तर १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले पुष्कळसे परत कामावर चढलेच नाहीत. त्यांतली किती कुटुंबे परळ-लालबाग सोडून कल्याण-डोंबिवलीकडे सरकली ते इथल्या चाळींना विचारा. इथल्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याचे कारखाने आहेत, रसायनांचे आहेत. २०२० मध्ये इथला एक रस्ता सांडलेल्या रंगाने गुलाबी झाला होता, वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो कौतुकाने छापले. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट झाले, माणसे मेली. मेलेल्यांत बहुतेक कुणी तरी कुठल्या तरी खेड्यातून आलेलेच असणार. इंडिया आणि भारत ही आपल्या चळवळीची जुनी भाषा. ती सीमा नकाशावर काढायला बसलो तर डोंबिवलीच्या लोकलच्या दारात लटकणारा माणूस कुठल्या बाजूला टाकायचा, हे मला अजून सांगता येत नाही.

या शहराखालची जमीनही शेतकऱ्याचीच. आगरी कुळांनी भातखाचरे कसली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कागदावर मालक झाली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. आजूबाजूची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत घेतली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये परत घेतली. गाववाले दर वेळी म्हणत राहिले की आम्हाला विचारा. इथून जवळच नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीसाठी जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा गाड्या जळल्या, लाठ्या-छर्रे चालले. शहरवाल्यांना तो वाहतुकीचा खोळंबा वाटला. पंच्याहत्तर वर्षे जमीन अडकून पडल्यावर खोळंबा कुणाचा झाला म्हणायचे?

आणि थोडे पुढे टिटवाळा. गणपतीच्या दर्शनाला तुम्ही जाता ते. जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेची परिषद भरली. ठाणे जिल्ह्यातले वारली तिथे आले होते. घरी परतले ते वेठ द्यायची नाही असे ठरवूनच. सावकाराकडून लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी जन्मभर राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांत फिरल्या. वारल्यांनी लग्नगडी मोडली, गवत कापायची मजुरी वाढवून घेतली. ते गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचे. त्या ऑक्टोबरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसे मेली, तरी वेठ परत आली नाही. त्यांचा झेंडा वेगळा, आपला वेगळा, त्याने फरक पडत नाही. मला लक्षात ठेवायचे ते हे, की वारल्यांनी वेठ १९४५ मध्ये मोडली आणि देशाने वेठबिगारी नाहीशी करण्याचा कायदा केला तो १९७६ मध्ये. मधली तीस वर्षे कायदा माणसांच्या मागून चालत होता.

रोजगार हमीच्या बाबतीत उलटे झाले. तिथे कायदा चांगला झाला आणि मग माणसे घरी जाऊन बसली. त्याचे फळ पाहा.

१९८८ मध्ये राज्यात शेतमजुरीचे किमान दर दुप्पट झाले. हमीच्या कामावरही ते लागू झाले. मजुरी दुप्पट, म्हणजे कामावर गर्दी वाढायला हवी. गर्दी घटली. अभ्यासकांनी आकडे तपासून सांगितले की, माणसांना काम नको होते असे नाही, कामेच कमी काढली गेली. कायदा जागच्या जागी, हमीचा शब्द जागच्या जागी, फक्त तहसीलदाराच्या टेबलावरची कामांची यादी आखूड झाली. हक्क असा मारता येतो. कुणी काही रद्द करावे लागत नाही. काम मागायला आलेल्या बाईला ‘पुढच्या आठवड्यात ये’ एवढे म्हटले की पुरे. तिने अर्ज लिहून दिला नाही, तारखेची पोच घेतली नाही, तर पंधरा दिवस सुरूच होत नाहीत, आणि बेकारी भत्त्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या बाजूने पैसा. अनेक वर्षे अशी गेली की शहरांतून हमीच्या नावाने जमा झालेला कर जास्त आणि हमीवर झालेला खर्च कमी. मधला पैसा सरकारच्या तिजोरीत मिसळून गेला. डोंबिवलीकर फेब्रुवारीत तीनशे देत राहिला, आणि किनवटची बाई काम नाही म्हणून मुलेबाळे घेऊन ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेली. वीटभट्टी कुठली? पुष्कळदा याच ठाणे-कल्याणकडची. तिने थापलेल्या विटांची भिंत तुमच्या घराला असेल. दोघांची गाठ पडते ती अशी, आणि दोघांनाही आपण एकाच करारातले पक्षकार आहोत हे माहीत नसते.

योजनेत खोटी मस्टरे होती, मुकादमाचे कमिशन होते, वाहून गेलेले रस्ते दरवर्षी तेच बांधले जात होते, सगळे खरे. पण योजनेने शेती बांधली हेही खरे. पाझर तलाव, नालाबांध झाले. १९९० पासून हमीतून फळबागा निघाल्या, शेतकऱ्याने आपल्याच शेतात खड्डा खणायचा, आपल्याच शेतात आंबा, बोर, डाळिंब लावायचे आणि त्याची मजुरी घ्यायची. पुढे विहिरी आल्या, शेततळी आली. आज मराठवाड्यात सिंचन विहिरीसाठी ग्रामपंचायतीत नाव लागावे म्हणून जे धावतात त्यांना आपण रोजगार हमीच्याच दारात उभे आहोत हे कुणी सांगत नाही. आणि बायांना विचारा. पुरुषाइतक्याच मापाला पुरुषाइतकीच मजुरी, तीही स्वतःच्या नावावर, असे त्यांना खेड्यात दुसऱ्या कुठल्या कामावर मिळत होते? आपल्या चळवळीने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून घरच्या बाईच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितले. जिथे केली तिथे केली. जिथे नाही, तिथे धनी गळफास घेऊन गेल्यावर तीच बाई तलाठ्याच्या दारात बसते. २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये. त्यातही जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की सावकाराचे, यावरून प्रकरण पात्र की अपात्र ठरते. मेलेल्या माणसाला अपात्र म्हणण्याची ही सरकारी भाषा ज्याने शोधली त्याला एकदा भेटायचे आहे.

आता आजचा प्रश्न, ज्यासाठी तुम्हाला इतक्या लांबून बोलावले.

२००५ चा केंद्राचा कायदा २ फेब्रुवारी २००६ पासून अंमलात आला. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस. महाराष्ट्राने आपला कायदा रद्द केला नाही, दुरुस्त केला. शंभर दिवसांवरचा भार राज्याने उचलायचा असे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे. खर्चाचा चाळीस टक्के वाटा राज्यांवर. कुठल्या राज्याला किती पैसा हे आधी ठरवून. आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद.

ही साठ दिवसांची तरतूद ऐकून आपल्यातल्या कित्येकांना बरे वाटले. मी बैठकांतून ऐकले आहे. ‘वेचणीला बाई मिळत नाही, किलोमागे मागेल तो दर द्यावा लागतो, हमीमुळे मजूर माजलेत.’ आता तुम्हीच सांगा. वेचणीचा दर परवडत नाही तो का? हमीमुळे? २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. सीतादही अजून व्हायची होती, बोंड फुटायचे होते, आणि १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. म्हणजे आपला कापूस बाजारात यायचे नेमके दिवस. कारण काय, तर कापड गिरण्यांना स्वस्त कापूस हवा. गिरणीवाल्याने आपले म्हणणे दिल्लीत मांडले, त्याचा त्याला हक्क आहे. पण त्याची किंमत तुमच्या-माझ्या पऱ्हाटीने मोजली. तिथे आपले काही चालले नाही, म्हणून आता वेचणाऱ्या बाईच्या मजुरीतून ते भरून काढायचे?

आपण तीस-चाळीस वर्षे सांगत आलो की शेतकऱ्याला त्याचा माल हवा तिथे, हवा त्याला विकू द्या, सरकारने सीमेवर पोलीस उभा करू नये. मग वेचणारीकडेही एकच माल आहे, तिचे दोन हात. ते तिने हंगामात तुमच्याखेरीज कुणाला देऊ नयेत म्हणून सरकारने दुसरीकडचे काम बंद ठेवावे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? ही तिच्यावरची एकाधिकार खरेदीच झाली. आपल्यावर होती तेव्हा तिला आपण गुलामी म्हणालो.

आणि ती बाई परकी नाही. दोन एकर कापूस असलेल्याची बायको स्वतःची वेचणी उरकली की दुसऱ्याच्या वेचणीला जाते. संक्रांतीनंतर पऱ्हाट्या उपटल्या, ज्वारी काढून कडबा रचला, की मृगापर्यंत अख्खे घर मोकळे. त्या चार-पाच महिन्यांत गावात काम निघाले तर ते घर गावात राहते. २०२५-२६ मध्ये हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. फार नाही. पण त्या ३१२ मुळे बैल विकायची वेळ पुढे ढकलता येते, ज्वारी खळ्यावरच न विकता भाव येईपर्यंत ठेवता येते. भावाची लढाई लढायची तर थांबण्याची ताकद लागते. रिकाम्या पोटी कुणी माल रोखून धरत नाही. म्हणून मी म्हणतो, घामाचे दाम आणि हाताला काम यांत निवड करायला लावणाऱ्यांपासून सावध राहा. दोन्ही मागा.

डोंबिवलीकरांना माझी एक विनंती आहे, आणि ती वर्गणीची नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी, आदिवासी चालत मुंबईला आले. शेवटची रात्र ते झोपले नाहीत, मुलांची दहावीची परीक्षा होती, दिवसा रस्ता अडू नये म्हणून रात्रीच आझाद मैदानाकडे चालत राहिले. त्या वेळी तुम्ही मुंबई-ठाण्याच्या लोकांनी त्यांना पाणी दिले, पोहे दिले, फाटलेल्या पायांना चपला दिल्या. ते कुणी विसरलेले नाही. पण चप्पल देऊन माणूस घरी जातो आणि व्यवहार तिथे संपतो. तुमचा-आमचा व्यवहार चपलेपेक्षा जुना आहे, १९७५ पासूनचा, कायद्याने लिहिलेला. तुम्ही दरवर्षी पैसे भरता. तेव्हा हिशेब मागण्याचा पहिला हक्क तुमचा. व्यवसाय कर किती जमला, रोजगार हमी निधीत किती गेला, सरकारने आपला बरोबरीचा वाटा घातला का, खर्च किती झाला, हे तुम्ही माहितीच्या अधिकारात विचारा. आमचा शेतकरी विचारतो तेव्हा त्याला फुकटे म्हणतात. करदात्याला तसे म्हणता येत नाही. इथे बँकांत, विमा कंपन्यांत, मंत्रालयात ताळेबंद वाचत आयुष्य काढलेली माणसे बसली आहेत. तुमच्यासारखे हिशेबनीस आम्हाला तालुक्याला मिळत नाहीत.

नव्या कायद्यात राज्यावर चाळीस टक्के आले म्हणून वित्त खाते उद्या हात वर करील. ‘पैसा नाही’ हे उत्तर द्यायच्या आधी पन्नास वर्षे याच नावाने गोळा केलेल्या पैशाचा हिशेब त्याच्यासमोर असला पाहिजे. आणि राज्याचा १९७७ चा कायदा ज्या मुलखाने मिळवला त्याने तो हातचा सोडता कामा नये. दिल्लीचे दिवस शंभर असोत की सव्वाशे, पागेंच्या कल्पनेत दिवसांची मोजणी नव्हती, मागेल तेव्हा काम एवढेच होते. नव्या कायद्याच्या नावाखाली तेवढेच गुपचूप पुसले जाण्याची मला भीती वाटते.

जिल्ह्याच्या कार्यकर्त्यांनी करायचे ते असे. घोषणा नंतर द्या, आधी अर्ज लिहा. दर गावात काम मागणाऱ्यांची यादी, प्रत्येकाचा अर्ज, प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच. पोच देत नाहीत तिथे सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीच्या दारात बसायचे, उठायचे नाही. पोचेच्या प्रती एका फाईलला लावायच्या आणि पंधरावा दिवस उलटला की त्याच फाईलसकट तहसीलला. यादीत आपल्या घरच्या बायांची नावे पहिली घाला, मजूरवाड्यातली नावे नंतर असे नको, एकाच यादीत. ज्यांना वाटते की आपण बागाईतदार आहोत, आपले नाव कशाला, त्यांनी विहिरीच्या तळाशी एकदा वाकून पाहावे. आणि वेचणीच्या दराची बोलणी गावातच, बायांना समोर बसवून करा. सरकारला मध्ये घेऊ नका.

कोरे अर्ज मागच्या टेबलावर ठेवले आहेत, प्रत्येक जिल्ह्याने आपला गठ्ठा घेऊन जावा. डोंबिवलीचे तिघे निवृत्त हिशेबनीस पहिल्या फेरीला आपल्याबरोबर यायला तयार झाले आहेत, एक अकोल्याकडे, दोघे परभणीकडे. त्यांना स्टेशनवर उतरवून घ्यायला कोण येणार आणि जेवणाची सोय कुणाच्या घरी, ती नावे चहा व्हायच्या आत माझ्याकडे लिहून द्या. एकाला मधुमेह आहे, भाकरी चालेल म्हणतात.